पंचाण्णवचा पाना

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात साडूंच्या मुलाचा फोन आला. उमरेड रोडला त्याचा पशुखाद्याचा लहानसा कारखाना आहे. मका, तुरीची चुनी, सरकीची ढेप असलं दळायला एक जुनी हॅमर मिल, म्हणजे फिरत्या हातोड्यांची चक्की, आहे. तिचं पुलीकडचं बेअरिंग आवाज करू लागलं होतं. बेअरिंग बदलायचं तर आधी पुली काढावी लागते, आणि पुली काढायची तर तिच्यासमोरचा नट.

"काका, नट हालूनच नाई रायला जी. दोन दिवस झाले, दोन पोरं लागले आहेत."

"कशाने खोलून रायले?"

"छिन्नीनं."

त्या एका शब्दात अर्धं प्रकरण होतं. दुसरा अर्धा भाग जागेवर गेल्यावर कळला.

मी चौतीस वर्षं नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये काढली. निवृत्तीनंतर हुडकेश्वरला घरामागे १२ बाय १८ फुटांची टिनाची शेड टाकली. त्यात साडेचार फुटी लेथ, भंगारातून आणून उभा केलेला १८ इंची शेपर, एक पिलर ड्रिल, ग्राइंडर आणि वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर आहे. सगळं सिंगल फेजवर चालतं. त्या शेडमध्ये ९५ मिलिमीटरचा पाना कसा झाला, पहिल्यांदा कुठे फसला आणि का फसला, ते मापांसकट लिहून ठेवतो आहे. असा नट कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो.

जागेवर काय दिसलं

पुली टेपरवर, म्हणजे शाफ्टच्या निमुळत्या भागावर, बसलेली. शाफ्टच्या टोकाला एम ६४ चे आटे, त्यावर षटकोनी नट. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर नावाला ९५, व्हर्नियर लावला तर चांगल्या जागी ९४.३ ते ९४.६. कोपऱ्यापासून कोपरा साधारण ११० मिमी. इथवर ठीक होतं. पण नट उघड्यावर नव्हता, पुलीच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या जाड भागात, एका गोल खड्ड्यात बसलेला होता. खड्ड्याचा व्यास १५८, खोली ५२. नटाची जाडी ५१. म्हणजे नट हबच्या तोंडाशी जवळजवळ सपाट, आणि त्याच्याभोवती कोपऱ्याशी जेमतेम २४ मिमी मोकळी जागा.

त्यामुळे नेहमीचे उपाय तिथेच बाद झाले. ३६ इंची पाइप पान्याचा जबडा त्या खड्ड्यात शिरत नाही. हातोडा मारायचा जाड रिंग पाना बाजारात मिळतो, पण तो सपाट असतो. त्याचं डोकं खड्ड्यात उतरवलं की दांडा हबला अडतो. शिवाय हातोडा मला नकोच होता. पुलीकडचं बेअरिंग तसंही जाणार होतं, पण शाफ्टवर पडलेला प्रत्येक ठोका दुसऱ्या टोकाच्या बेअरिंगपर्यंत पोचतो आणि रोलरचे वण त्याच्या रेसवर, म्हणजे रोलर फिरतात त्या कड्यावर, उमटतात. एक बेअरिंग बदलताना दुसरं मारायचं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

९५ चा सॉकेट मागवता आला असता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण एवढ्या सॉकेटला लागणारी दीड इंची चौकोनी ड्राइव्ह आणि तिचा दांडा कुणाकडे होता? सगळं मिळून येईपर्यंत मिल बंदच राहिली असती.

मग मी शाफ्टचं टोक पाहिलं. नटाबाहेर १४ मिमी आटे आले होते, ग्रीस आणि भुकटीने बुजलेले. तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने साफ केले. एम ६४ चा पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर, ६ मिमी असतो, त्यामुळे पाहायला दोनच आटे होते, पण तेवढे पुरतात. शाफ्ट उभा धरला आहे असं समजून पाहायचं. आपल्याकडच्या बाजूने आटे उजवीकडे चढत गेले तर ते उजवे, डावीकडे चढत गेले तर डावे. हे डावीकडे चढत होते.

पोरं दोन दिवस नट घट्ट करत होती.

कुणी कुणाला बोललं नाही. त्यातल्या धाकट्याने हळूच छिन्नी पेटीत टाकली. मला मात्र त्या क्षणी बरंच वाटलं, त्याचं कारण नटाच्या कोपऱ्यांवर होतं. छिन्नी सगळी एकाच दिशेने बसली होती. प्रत्येक कोपऱ्याची एक कड मार खाऊन गोल झाली होती, दुसरी कड जवळजवळ कोरी. पाना नट फिरवतो तेव्हा तो प्रत्येक कोपऱ्याच्या एकाच बाजूवर दाब देतो. चुकीच्या दिशेने ठोकल्यामुळे खोलण्याच्या दिशेच्या सहाही कडा शाबूत राहिल्या होत्या. नट आधीपेक्षा घट्ट झाला होता खरा, पण पान्याला धरायला जागा होती.

नटावर डिझेल आणि तेलाचं मिश्रण सोडलं, चिंधी गुंडाळली, आणि पुठ्ठ्यावर मापं घेऊन घरी आलो.

मोठा म्हणजे किती मोठा

पहिली चूक मी कागदावर केली. माझ्याकडे १९ चा एक चांगला रिंग पाना आहे, हाताला बसलेला. ९५ म्हणजे १९ ची बरोबर पाचपट. मी तो पाना समोर ठेवून प्रत्येक माप पाचने गुणत गेलो. लांबी २५ सेंटिमीटर होती, ती सव्वा मीटर झाली. छान वाटलं. मग सहज तो पाना स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. १९० ग्रॅम भरला.

लांबी, रुंदी, जाडी तिन्ही पाचपट झाल्या की वजन १२५ पट होतं. म्हणजे पावणेचोवीस किलो. पुलीचं मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर होतं. पावणेचोवीस किलोचा लोखंडी पाना छातीपाशी उचलून, आडवा धरून, सहा कोपरे जुळवून खड्ड्यात घालायचा, आणि कामगार एका हाताने तो तोलत असताना दुसऱ्याने ओढायचं. पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी पायावर पडला असता.

नट पाचपट झाला म्हणून माणूस पाचपट होत नाही. त्याची मूठ तेवढीच, खांदा तेवढाच, ओढही तेवढीच. म्हणून मोठा पाना म्हणजे लहान पान्याची वाढवलेली प्रत करायची नसते. डोक्याचं माप नटाकडून घ्यायचं आणि बाकी सगळं माणसाकडून. तो कागद चुरगाळला आणि उलट्या टोकापासून सुरुवात केली.

दोन माणसं खाली ओढत असतील तर प्रत्येकाकडून ४० किलोची ओढ धरायला हरकत नाही. मिळून ८०. दांडा दीड मीटर धरला तर १२० किलो-मीटर, न्यूटनमध्ये साधारण ११८० न्यूटन-मीटर. दीड मीटरहून लांब करायला शेडच्या भिंतीचीही अडचण होती, पण खरं कारण असं की त्यापुढे माणसाला पाय रोवून ओढता येत नाही, तो लोंबकळायला लागतो. आणि लोंबकळणारा माणूस नट सुटल्यावर कुठे जाईल ते सांगता येत नाही.

आता दांडा. ५० बाय २५ ची पट्टी, ५० ची बाजू ओढण्याच्या दिशेत. तिचा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे न वाकता तग धरायच्या ताकदीचं माप, सुमारे १०,४०० घन मिमी. ११८० न्यूटन-मीटरला ताण येतो ११३ न्यूटन प्रति चौरस मिमी. साधं एमएस, म्हणजे मऊ पोलाद, २४० च्या आसपास वाकायला लागतं, म्हणजे दुपटीहून जास्त सवड. पण पूर्ण दीड मीटर ही पट्टी घेतली तर तिचंच वजन पंधरा किलोला टेकतं. म्हणून पट्टी फक्त ३०० मिमीचा बुंधा म्हणून ठेवली आणि पुढे नळी. दोन इंची लाल पट्ट्याची, म्हणजे सी क्लासची: बाहेरून ६०.३, भिंत ४.५, मीटरला ६.१९ किलो. नळी वेगळी काढता-घालता येणारी. डोकं नटावर बसवताना नळी नको, बसवून झाल्यावर लावायची.

हिशोबात डोकं आणि बुंधा मिळून सव्वाआठ किलो, नळीही तेवढीच. दोन्ही एका माणसाला उचलता येतात. शेडमधल्या लेथला चालणारी रीतही हीच होती, कारण तिच्यावर दीड मीटरचा पाना कधीच फिरला नसता. १५० व्यासाचं डोकं आरामात फिरतं. लहान यंत्रावर मोठं हत्यार करायचं तर त्याचे तुकडे पाडावेच लागतात, आणि इथे माणसाची गरज आणि लेथची मर्यादा एकाच जागी येऊन मिळाल्या.

डोकं

इतवारीतल्या लोहा ओळीत सकाळी लवकर गेलं तर माणसं ऐकून घेतात, दुपारी नाही. ईएन ८ चा १५० चा काळा गोल बार, ७५ लांबीचा तुकडा बँडसॉवर कापून मिळाला. वजन साडेदहा किलो. पट्टी आणि नळी तिथेच घेतली. दुकानदाराने विचारलं, "काय बनवून रायले?" म्हटलं, पाना. तो नळीकडे पाहत राहिला.

ईएन ८ मुद्दाम घेतला. नटाच्या कडांशी झटणारा भाग एमएसचा असता तर पहिल्या ओढीतच दबला असता. ईएन ८ मध्ये ०.४ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, तो न कडकवताही बऱ्यापैकी दाब सोसतो. याच कार्बनने पुढे मला धडा दिला, पण ते नंतर.

षटकोनी भोक पाडायचं कसं? ब्रोच नाही, वायरकट नाही. जुनी रीत अशी की आधी सहा कोपऱ्यांवर भोकं, मग मधलं गोल बोअर, मग उरलेलं कानसने. क्रम महत्त्वाचा आहे. आधी बोअर केलं आणि मग कोपऱ्याची भोकं पाडायला गेलं तर ड्रिलची अर्धी बाजू हवेत राहते आणि ते मध्याकडे पळतं.

जॉब चार जबड्याच्या चकमध्ये धरून दोन्ही तोंडं फेस केली आणि बाहेरचा व्यास १४६ केला. खड्डा १५८ चा, म्हणजे चहूकडे ६ मिमी सवड. १५० च्या व्यासाला एचएसएस टूलने मिनिटाला ५० ते ५५ फेऱ्या, त्याहून जास्त नाही. बॅक गियरमध्ये टाकलं तरी पट्टा घसरत होता. त्यावर चंद्रूस लावत बसण्यापेक्षा कट कमी घेतला.

मग निळा रंग लावून, डिव्हायडरने १०२ व्यासाचं वर्तुळ आखून, त्यावर सहा बिंदू घेतले. वर्तुळाची त्रिज्या ५१, तीच डिव्हायडरमध्ये तशीच धरून फिरवली की सहा भाग आपोआप पडतात. शाळेतलं हे एकच भूमितीचं ज्ञान माझ्या पगाराला आलं. प्रत्येक बिंदूवर १० मिमीचं आरपार भोक पाडलं. भोकाची बाहेरची कड मध्यापासून ५६ मिमीवर जाते आणि षटकोनाचा कोपरा ५५ वर येतो. म्हणजे भोक कोपऱ्याच्या एक मिमी पलीकडे जातं आणि शेजारच्या बाजूंनाही जरासं खातं. ही चूक नव्हे. नटाचा टोकाचा कोपरा पान्याला टेकूच नये, दाब बाजूच्या सपाट भागावर यावा, यासाठी ही सवड हवी. आजच्या चांगल्या रिंग पान्यांचे कोपरेही असेच आत घेतलेले असतात.

बोअर ९५.३ ला नेला. त्यात सव्वाचार किलो बुरादा निघाला, दोन तगाऱ्या भरून. पावसाची झड होती, शेडच्या टिनावर एवढा आवाज की लेथचा आवाज ऐकू येईना. मी तर टूलचा आवाज ऐकून कट घेणारा माणूस. दोन तास बसून राहिलो.

उरलं कोपऱ्यांतलं. भोकांनी बरंचसं खाल्लेलं होतं. सहा कोपऱ्यांत मिळून शे-दीडशे ग्रॅम धातू काढायचा होता. सव्वाचार किलो एका दिवसात गेलं आणि या दीडशे ग्रॅमला अडीच दिवस लागले. १२ इंची बास्टर्ड कानस, मग स्मूथ. आरपार ७५ नाही, नटाकडचे ५० मिमीच षटकोनी करायचे होते, पुढचे २५ गोल राहिले तरी चालतात. पण कानस सरळ चालवायला तेही अडतात, म्हणून अखेर सगळंच घासलं.

मापाला गेज, म्हणजे घालून तपासायचा नमुना, हवा. ११० चा एमएस गोल शेपरवर धरून त्याचा ९४.८ चा षटकोन काढला. इंडेक्सिंग हेड नाही, त्यामुळे एक बाजू काढली की तिला बेव्हल प्रोट्रॅक्टर लावून १२० अंशांवर पुढची. शेवटची बाजू पहिलीला भेटली तेव्हा पाव अंशाची चूक निघाली. ती शेजारच्या बाजूंत वाटून टाकली. या षटकोनाला निळा रंग लावून डोक्यात घालायचा, कुठे रंग लागतो ते पाहायचं, तिथे कानस. एका कोपऱ्यात मी घाईत ०.३ मिमी जास्त घासलं. तो कोपरा आजही मला लगेच ओळखू येतो. नटाला काही फरक पडला नाही.

याच गेजचा पुढे दुसरा उपयोग झाला. चाचणीत नट म्हणून तोच वापरला.

टक्

बुंध्याची पट्टी चार जबड्यात आणि टेलस्टॉकवर धरून तिच्या शेपटाचे २०० मिमी ५१ व्यासाला टर्न केले, म्हणजे फक्त चार कोपरे उडाले. नळीचं आतलं भोक ५१.३. कोपरे ग्राइंडरनेही उडवता आले असते, पण टर्न केल्यामुळे त्यांना नळीच्या आतल्या भिंतीसारखाच गोलवा आला आणि दाब रेषेवर न येता पसरला. पट्टी फिरताना टूल टकटक टकटक करत आदळतं, कानाला त्रास होतो, पण काम होतं. दुसरं टोक डोक्याच्या गोलाईला बसेल असं कोरून घेतलं आणि खड्ड्याबाहेर राहणाऱ्या शेवटच्या २५ मिमी पट्ट्यावर वेल्ड केलं. चहूबाजूंनी ८ मिमीचा वेल्ड. हिशोबाने पुरेसा, आणि हिशोब मी दोनदा केला होता.

रविवारी संध्याकाळी वेल्ड झाला. स्लॅग काढला, भिंग लावून पाहिलं, सुंदर होता. फाटकाशी जुन्या रुळाचा एक तुकडा काँक्रीटमध्ये उभा रोवलेला आहे. त्याला प्लेट जोडून वर एमएसचा षटकोन पक्का वेल्ड केला होता. सोमवारी सकाळी पाना त्यावर चढवला, नळी घातली आणि टोकाला सिमेंटची पन्नास किलोची गोणी टांगली. काही नाही. दुसरी टांगली. शंभर किलो दीड मीटरवर, कामाच्या सव्वापट.

टक्.

लहानसा आवाज, बोट मोडल्यासारखा. काही तुटलं नाही, काही वाकलं नाही. गोण्या उतरवून वेल्डपाशी पाहिलं तर डोळ्याला काहीच दिसेना. वेल्डवर रॉकेल लावलं, दहा मिनिटं थांबलो, कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड चोळली. पाच मिनिटांत खडूवर एक ओली रेघ उमटली. केसाएवढी, साधारण ४० मिमी लांब, वेल्डमध्ये नाही तर वेल्डच्या कडेला, ईएन ८ च्या अंगात.

ही कशामुळे आली ते मला माहीत नव्हतं असं नाही, हेच लाजिरवाणं. एवढा कार्बन असलेल्या जाड पोलादावर गार असताना वेल्ड केला की वेल्डच्या शेजारचा भाग झटकन थंड होतो, कारण आजूबाजूचं पाच किलो लोखंड उष्णता ओढून घेतं. तो भाग कडक आणि ठिसूळ होतो. त्यात रॉडच्या कोटिंगमधल्या ओलाव्यातून हायड्रोजन शिरतो. वेल्ड आकसताना ओढतो, आणि काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही, तडा जातो. म्हणून संध्याकाळी काही दिसलं नव्हतं. मी वापरले होते साधे ६०१३ चे रॉड, तेही उघड्या पाकिटातले, जुलैत. मे महिन्यात नागपूरला ४५ अंशांत शेडमधली प्रत्येक वस्तू पापडासारखी वाळलेली असते. तेव्हा कदाचित रेटून गेलंही असतं. जुलैत त्याच शेडमध्ये सकाळी काडेपेटी पेटत नाही. वेल्डची लांबी-जाडी मोजली, पण हवा मोजली नाही.

बुंधा कापून काढला. तडा गेलेला भाग ग्राइंडरने पूर्ण खणून काढला, परत रॉकेल-खडू करून रेघ संपल्याची खात्री केली. तड्याच्या शेपटाचा एक मिमी जरी आत राहिला तरी तो नव्या वेल्डमधून वर येतो. मग हिंगण्याला एका जुन्या सहकाऱ्याच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये गेलो. तिथे रॉड भाजायचा ओव्हन आहे. ७०१८ चे, म्हणजे कमी हायड्रोजन सोडणारे, ३.१५ चे रॉड भाजून, गरम असतानाच डब्यात घालून आणले.

डोकं कोळशाच्या शेगडीवर ठेवलं. किती तापलं ते कळायला पंख्याच्या दुकानातली सोल्डरची तार. ६०-४० ची तार १८३ ते १९० अंशांत वितळते. वेल्डच्या जागेपासून दोन बोटं लांब तार टेकवून ती पाण्यासारखी पळाली की आणखी थोडं तापवून सुरुवात. मधे मधे परत तार टेकवत राहायचं. वितळली नाही तर थांबून पुन्हा शेगडी. या वेळी बुंध्याच्या दोन्ही बाजूंना १६ मिमीच्या तिकोनी प्लेटाही लावल्या, म्हणजे मुळाशी रुंदी ५० वरून ११० झाली. त्याने वेल्डवरचा ताण निम्म्याच्याही खाली येतो. प्लेटा पहिल्याच वेळी लावायला हव्या होत्या, पण तेव्हा दिसायला बऱ्या दिसत नव्हत्या.

संपलं तसं गरम असतानाच कोरड्या चुन्याच्या पिंपात पुरून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं तेव्हाही कोमट होतं. त्यानंतर दोन दिवस हात लावला नाही. बायको म्हणाली, "लोणचं घातल्यासारखं ठेवलं आहे." मुरायचंच होतं ते.

मग खडू, कोरडा. मग दोन गोण्या, दहा मिनिटं. नळीचं टोक सुमारे २० मिमी खाली आलं आणि गोण्या काढल्यावर परत जागेवर गेलं.

नट

एक अडचण उरली होती. ओढ नटाच्या पातळीत नसून त्याच्या पुढे, खड्ड्याबाहेर लागणार. त्यामुळे पाना ओढताना कलंडून बाहेर यायला पाहतो. शाफ्टच्या टोकाला एम २० चं आटे पाडलेलं भोक होतं, पुली ओढायच्या वेळी वापरायचं. तिथे एक १२ मिमीची गोल प्लेट आणि बोल्ट लावला. पाना प्लेट आणि हबच्या मधे अडकून राहतो, पण फिरायला मोकळा. बोल्ट हाताने घट्ट, त्याहून जास्त नाही. हे नसतं तर एका माणसाला फक्त पाना दाबून धरायला उभं राहावं लागलं असतं, आणि नट सुटताना तोच सगळ्यात धोक्याच्या जागी असता.

रोटर फिरू नये म्हणून हातोड्या आणि केसिंगमध्ये बाभळीचा ठोकळा घातला. मेन स्विचचे फ्यूज काढून भाच्याच्या खिशात ठेवले. नळी वर तिरपी, ओढ खाली, घड्याळाच्या दिशेने. पोरांना दोनदा सांगितलं, दिशा ही. धाकटा म्हणाला, "काका, आता झोपेतही इसरणार नाई जी."

पहिल्या ओढीत काही नाही. दुसरीत नळी थोडी लवली. तिसऱ्यात कडकन आवाज आला आणि नळी एक वीतभर खाली गेली. मला क्षणभर वेल्डच गेला वाटलं. नट होता.

दोन आटे सोडून तिथेच थांबवला, पूर्ण काढला नाही. टेपरवर वर्षानुवर्षं बसलेली पुली पुलर लावल्यावर कधी उडून येईल याचा नेम नसतो. समोर नट असला तर ती दोन आट्यांएवढीच उडी मारते. पुली पाऊण तासाने सुटली, आवाज शेजारच्या गोदामापर्यंत गेला आणि ती नटावर येऊन थांबली.

दुसऱ्या टोकाचं बेअरिंग हाताने फिरवून पाहिलं. गुळगुळीत फिरलं, ते ठेवलं. पुलीकडचं नवं घातलं. नट तोच वापरला. एम ६४ चा डावा नट कुठल्या दुकानात तयार मिळत नाही. मार खाल्लेल्या कडांच्या उंच झालेल्या चुण्या कानसने सपाट केल्या. भाच्याने विचारलं, नट उलटा करून बसवला तर चांगल्या कडा घट्ट करायच्या बाजूला येतील ना? येतील. आटे डावेच राहतात आणि कडांची बाजू बदलते. पण मग पुढच्या वेळी खोलताना खराब कडा वाट्याला येतील, आणि जोर खोलतानाच जास्त लागतो. तसाच बसवला. एका माणसाच्या ओढीने घट्ट केला. नट आणि हबवर एक सरळ पांढरी रेघ मारली, म्हणजे ढिला पडला तर लांबून दिसेल.

कामाचे तास मोजले तर एकतीस. त्यातले अकरा वेल्डच्या भानगडीत.

पान्यावर पंचने '९५' आणि '१.५ मी.' असं ठोकलं आहे. त्याची बातमी पसरली. दिवाळीनंतर एका गिट्टी क्रशरवाल्याने मागून नेला. तीन दिवसांनी परत आला तेव्हा डोकं, बुंधा, वेल्ड सगळं शाबूत होतं आणि नळी बुंध्याच्या टोकाशी धनुष्यासारखी वाकली होती. त्यांनी तिच्यात आणखी एक नळी घालून तीन मीटर केली होती. नट सुटला म्हणे. नवी नळी त्यांनीच आणून दिली, पण निळ्या पट्ट्याची, बी क्लास. भिंत ३.६, बुंध्यावर जराशी ढिली बसते. परत पाठवणार होतो. मग वाकलेली जुनी नळी पुन्हा एकदा पाहिली आणि खडू घेऊन डोक्याचा वेल्ड तपासला. खडू कोरडा राहिला. निळी नळीच ठेवून घेतली.